केनियाला निघालेली दप्तरं

"रिसायकल शॉपमध्ये कामाला आहे ना ती? मग दप्तरं केनियाला कशाला पोहोचतील!"

टोकियोजवळच्या उरायासूतल्या आमच्या इमारतीच्या लिफ्टमध्ये एक वहिनी दुसरीला म्हणाल्या आणि दोघी हसल्या. मी मागे उभी होते. ते हसणं अजून विसरले नाही.

मी मुंबईत पोलीस उपनिरीक्षक होते. जपानमधल्या मोठ्या भूकंपानंतर नवऱ्याच्या बँकेने त्याला इकडे पाठवलं, तेव्हा मी नोकरी सोडली. आता ना फिर्याद होती, ना अधिकार. पण पुराव्याशिवाय कोणाला आरोपी ठरवलेलं मला तेव्हाही चालत नसे.

आमच्या इथल्या मराठी मंडळाने केनियात, नैरोबीतल्या रस्त्यावरच्या मुलांच्या शाळेसाठी जपानी शाळकरी मुलांची वापरलेली चामडी दप्तरं जमवली होती. त्या मुलांना दर शनिवारी व्हिडिओवरून गणित शिकवायची ती आमच्यातलीच एक नवी मुलगी. एरवी सेकंडहँड दुकानात बाइतो, म्हणजे अर्धवेळ काम, करायची. महिने उलटले, तरी पडद्यावर पोरांच्या हाती प्लॅस्टिकच्या पिशव्याच. तिच्या दुकानात मात्र तसलीच दप्तरं टांगलेली. तिनेच ती विकली, असा बोभाटा झाला. रविवारच्या सभेत तिला काढायचं घाटत होतं. तिच्या जागी शिकवायला कोणीच तयार नव्हतं. म्हणजे वर्गच बंद.

आधी मुद्देमाल पाहावा म्हणून दुकानात गेले. पाठवण्यापूर्वी आम्ही दसऱ्याच्या पाटीपूजनासारखी दप्तरांची पूजा केली होती, प्रत्येकावर हळदीकुंकू वाहून. चामड्यात शिरलेलं कुंकू शिवणीतून निघत नाही. दुकानातली दप्तरं स्वच्छ होती. ती आमची नव्हती.

मग मंडळातल्या एका ज्येष्ठ काकांकडे गेले. दप्तरं बोटीने पाठवण्याचं काम त्यांच्याकडे होतं.

"वाटेत गहाळ झाली असतील गं."

"जहाज कंपनी काय म्हणाली, काका?"

"कंपनी ना... बँकेत जावईबापूंचं प्रमोशन झालं का?"

खोटं बोलणारा तपशील वाढवतो; लपवणारा विषय बदलतो. मी उत्तर दिलं नाही. ठाण्यात माझ्या लाजाळूपणाला हसायचे, पण समोरचा बोलेपर्यंत गप्प बसणं मला चांगलं जमायचं. चहा निवला. शेवटी काकूच म्हणाल्या, "अहो, सांगून टाका. त्या पोरीचं नाव खराब होतंय."

काका मला त्यांच्या ट्रंकरूममध्ये, भाड्याच्या सामानखोलीत, घेऊन गेले. खोकी छतापर्यंत रचलेली होती. दप्तरांना आतून डुकराचं कातडं होतं. नैरोबीच्या शाळेतली बरीच मुलं मुसलमान. मुख्याध्यापिकेने आधीच चौकशी करून काकांना नम्रपणे नको म्हटलं होतं.

"घरोघर फिरून मीच गोळा केली. पूजासुद्धा मीच करायला लावली. आता कोणत्या तोंडाने सांगू?" काका म्हणाले.

"सभेत सांगा. त्याच तोंडाने."

त्यांनी मान डोलावली.

त्या प्रकरणाने मला एक शिकवलं. चोरी झालेली नसतानाही चोर तयार होतो. त्यासाठी एका प्रतिष्ठित माणसाचं मौन आणि एका नवख्या मुलीची नोकरी पुरतात. आणि गप्प बसणं हे तपासाचं हत्यार असलं, तरी तपास संपल्यावर ते बाळगू नये.

रविवारी सभा भरली. काका चष्मा पुसत राहिले. ती मुलगी दाराजवळच्या खुर्चीवर, पर्स मांडीवर घट्ट धरून. अध्यक्षीणबाई म्हणाल्या, "मग सर्वांचं एकमत समजायचं ना?"

मी उभी राहिले. चाळीसेक डोकी वळली.

"नाही," मी म्हणाले. "दप्तरं काकांच्या ट्रंकरूममध्ये आहेत. मी स्वतः पाहिली. का आहेत, ते काका सांगतील. आणि शनिवारचा वर्ग हीच घेईल."