भुताचे पाय

भुताचे पाय सरळ असतात की उलटे, यावरून मी आणि माझी बायको कित्येक वर्षं भांडलो. हसायचं तर हसा.

भूत टीव्हीतलं होतं. एका मालिकेतली बाई मरते आणि आपल्याच घरात राहते, पण नवऱ्याला दिसत नाही. माझी बायको त्या मालिकेपायी वेडी. मी तेव्हा बोईसरला रंगाच्या कंपनीत कामाला. सुटून बेटेगावला घरी आलो की मोरीत अंग घासत बसायचो. कधी गुलाबी, कधी पिवळा, रंग काही निघायचा नाही. बाहेर येईपर्यंत मालिका अर्धी झालेली असायची. म्हणजे मी बघायचो अर्धी आणि बोलायचो मात्र पूर्ण.

एक भाग असा आला की अख्खी आळी रडली. त्यात घरातली म्हातारी, आपल्याकडे करतात तसंच करते. मढं ठेवलं होतं तिथं दिवा लावते, जमिनीवर तांदळाचं पीठ पसरते आणि वर टोपली झाकते. सकाळी टोपली उचलायची. पिठात जी खूण दिसेल, त्यावरून गेलेलं माणूस कुठं गेलं ते समजायचं. मालिकेत पावलं उमटली होती. बोटं दाराकडं. नवरा ऊर बडवून घेतो, "गेली, मला सोडून गेली!" आणि भाग संपतो.

बायको पदरानं डोळे पुसत टीव्हीवर ओरडली, "अरे मुडद्या, भुताची पावलं उलटी असतात! बोटं दाराकडं म्हणजे ती आत आली! आत हाय ती!"

मी म्हटलं, "ही शहरातली भुतं हायत. सरळ चालतात. बोटं बाहेर म्हणजे बाई बाहेर."

"सुरुवातीला दाखवले ना तिचे पाय. उलटेच हायत. तुमी मोरीत होता."

"मोरीत होतो म्हणून कायपण सांगशील?"

झालं. तिथून जे लागलं ते तिच्या आजारपणापर्यंत पुरलं. कालवणात मीठ जास्त पडलं की मी म्हणायचो, उलट्या पायांनी रांधलंस काय. माझा चष्मा सापडला नाही की ती म्हणायची, डोळे मोरीत ठेवून आलाय तुमी, तिथं बघा.

मग ती गेली.

आमच्या घरातही दिवा लावला, पीठ पसरलं, टोपली झाकली. सकाळी टोपली उचलली ती मावशीनं. मावशी म्हणजे किनाऱ्याकडून मासळीची पाटी घेऊन येणारी आमची मावरेवाली, बायकोची जुनी मैत्रीण. पिठात एक लहानशी खूण होती. उंदराची असेल, झुरळाची असेल. पण मावशी म्हणाली, "पाऊलच हाय. बोटं दाराकडं. सुटली बाय." सगळ्यांनी हात जोडले, मीपण जोडले.

पाहुणे गेल्यावर मला ते भांडण आठवलं. बोटं दाराकडं. माझं खरं धरलं तर ती गेली. तिचं खरं धरलं तर ती घरात. जन्मभर तिच्याशी जिंकायला बघत आलो, आणि आता वाटायला लागलं, या एका भांडणात आपण हरलो तर बरं होईल. पण ठरवायचं कसं? मालिका कधीच बंद पडली होती.

परवाच्या रविवारी सकाळी सून भांडी पुसता पुसता म्हणाली, "बाबा, आईंची ती भुताची सिरियल आता पाहिजे तेव्हा लावता येते. नेटवर सगळी हाय."

मी बशी खाली ठेवली. "तो रडायचा भाग हाय? पिठाचा?"

"असंल की."

"थांब. आधी आंघोळ करून येतो."

"अहो बाबा, ती आता पळून जात नाय. मधे थांबवतापण येतं."

तरी केलीच आंघोळ. या खेपेला मोरीचं निमित्त नको होतं मला.

खुर्ची इतकी पुढं ओढली की सून म्हणाली, "बाबा, टीव्हीच्या आत जाल." तेवढ्यात दारात मावशीची हाक. मांदेली आणली होती तिनं. मी आतूनच ओरडलो, "पाटी ठेव खाली नि आत ये. पाय बघायचेत."

"कोणाचे?"

"भुताचे."

जास्त सांगावं लागलं नाही. आमचं भांडण आळीत सगळ्यांना पाठ. ती भिंतीला टेकून बसली नि म्हणाली, "दादा, हरणार तुमी."

"गप बघ."

भाग लागला. मधेच नेट अडकलं नि पडद्यावर ते चक्र गोल गोल फिरायला लागलं, त्याला मी एक शिवी दिली. मग ती बाई आली. हिरवी साडी, ठसठशीत कुंकू, माजघरातून नवऱ्याच्या खोलीकडं निघालेली. पण साडी जमिनीवर लोळत होती! पाय दिसायलाच तयार नाहीत. दाखवणारा तिचं तोंड दाखवतो, बांगड्या दाखवतो, नवरा घोरतो तेपण दाखवतो, पाय सोडून सगळं. माझ्या छातीत धडधड. कबड्डीच्या फायनलला एवढी झाली नव्हती.

"साडी वर कर गो बाय," मावशी टीव्हीला सांगायला लागली. "जरा वर कर."

सून हसून हसून आडवी झाली.

मग खोलीचा उंबरा आला. तो ओलांडायला बाईनं निऱ्या उचलल्या.

टाचा पुढं! बोटं मागं!

"थांबव!" मी उभाच राहिलो. सुनेनं थांबवलं. पडद्यावर दोन पाय, एकदम उलटे, जोडवी मागच्या बाजूला चमकतायत.

मावशीनं टाळ्या पिटल्या. "बघा! बघा! माझी बाय खोटं बोलत नव्हती! मोरीत होता तुमी!"

"होतो ना! मोरीतच होतो!" मला हसू आवरेना. डोळ्यांतून पाणी येत होतं, ते कळत होतं, पण पुसायला वेळ कोणाला. "पुढं लाव, पुढं."

दिवा आला, पीठ आलं, टोपली उचलली. बोटं दाराकडं. तो नवरा ऊर बडवायला लागला आणि मी त्याच्यावर ओरडलो, "अरे मुडद्या, रडतोस काय! उलटी हायत ती! आत आली ती, आत हाय!"

सून हसायची थांबली. शब्द तिच्या सासूचे होते, पट्टीपण तिचीच.

मावशी मात्र स्वयंपाकघराच्या भिंतीकडं बघत होती. आमचा दिवा तिथंच लावला होता. हळूच म्हणाली, "दादा, मग आपल्या घरातली ती खूण..."

"तेच तर म्हणतो मी."

"असं हसण्यावारी नेऊ नका. सुटली नसंल तर भगताला बोलवावं लागंल. त्याच्याकडून वाट मोकळी करून घ्यावी."

"भगत दारात आला तर टाळकं फोडीन त्याचं."

"अहो, भूत म्हणतात त्याला."

"भूत तर भूत. नवरा मी हाय का भगत?"

मावशीनं तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती, मी विचारलं नाही.

ती खूण उंदराची असेल, हे मलाही कळतं. शाळा फार झाली नाही, पण उंदीर ओळखतो. तरी भांडण बायकोनं जिंकलं, हे सगळ्यांच्या डोळ्यांदेखत झालं. आणि तिला मी ओळखतो. एवढं जिंकल्यावर मला चार गोष्टी ऐकवल्याशिवाय ती घरातून हलायची नाही.

सून मांदेली साफ करायला उठत होती. तिला म्हटलं, बस गं, मावरं होईल मागाहून. परत लाव. उंबऱ्यापासून.