डाव्या हातात मावेल असं

नोकरीतली बरीचशी वर्षं मी हातात मावणारी यंत्रं बनवण्यात घालवली. गोदामातली माणसं खोक्यांवरचे बारकोड वाचायला वापरतात, ती. अमेरिकेत, शॉमबर्गच्या आमच्या ऑफिसात दुपारी जेवताना आम्हा इंजिनियर मंडळींचा एक आवडता विषय असे. पुढे कधीतरी सगळ्या यंत्रांचं मिळून एकच यंत्र होईल, ते कसं असावं? कुणी म्हणे, भिंतीवर चित्र पाडणारं हवं. कुणी म्हणे, डॉक्टरकडे जायचीच गरज पडू नये. घरी येऊन मी हे बायकोला सांगत असे. ती म्हणायची, "त्यात पोळ्या लाटता येतील का ते आधी विचारा."

रिटायर झाल्यावर ती चर्चा संपली. गेल्या हिवाळ्यात एका सकाळी बायको चहा गाळत होती आणि चहा कपाबाहेर सांडायला लागला. मी म्हणालो, "अगं, कप!" तिनं माझ्याकडे बघितलं, तोंड उघडलं, पण शब्द आला नाही.

ॲम्ब्युलन्स लवकर आली. डॉक्टरही चांगले भेटले. तरी पक्षाघातात तिचा उजवा हात गेला आणि बोलणं गेलं. समजतं सगळं. बातम्या समजतात, माझ्या आमटीत मीठ कमी पडलेलं समजतं. मनातलं ओठांपर्यंत येताना वाटेत अडकतं, एवढंच. 'अहो', 'ते' आणि 'नाही' एवढे शब्द उरले. त्यातला 'नाही' होकारासाठीसुद्धा येतो. आणि पाढे मात्र घडाघडा येतात. सतराचा पाढा न चुकता म्हणणाऱ्या माणसाला 'पाणी' म्हणता येऊ नये, हे मला अजून पटत नाही.

बोलायला शिकवणारी थेरपिस्ट तरुण अमेरिकन मुलगी होती, फार प्रेमळ. तिनं चित्रांचा एक टॅब्लेट दिला. चित्राला बोट लावलं की इंग्लिशमध्ये वाक्य ऐकू येई. सँडविच, बाथटब, कुत्रा. बायकोनं सँडविचकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे. लग्नाला एवढी वर्षं झाल्यावर ती नजर वाचायला यंत्र लागत नाही.

मग मी घरातल्या वस्तूंचे फोटो काढून त्यात घातले. तिची शाल, आल्याचा चहा, गरम पाण्याची पिशवी. वाक्यं माझ्याच आवाजात रेकॉर्ड केली. तिनं पहिल्यांदा बटण दाबलं तर माझा घोगरा आवाज म्हणाला, "मी दमलेय." ती हसली. आजारानंतर पहिल्यांदाच. मीही हसलो, पण नंतर बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून उभा राहिलो.

त्या दिवसांत आमच्या टेबलावर नुसता पसारा असायचा. ब्लड प्रेशरचं मशीन, गोळ्यांची आठवण करून देणारी डबी, टॅब्लेट, फोन, प्रत्येकाचा चार्जर वेगळा, पासवर्ड वेगळा. तिच्याजवळ एकच हात. मी पुन्हा त्या जुन्या यंत्राचा विचार करायला लागलो. डाव्या हातात मावेल असं. गळ्यात अडकवता येईल, पडलं तर फुटणार नाही. नाडी बघेल, गोळी चुकली तर सांगेल, बायको पडली तर मला हाक मारेल. मराठी बोलेल, आणि पुस्तकी नाही, तिच्यासारखं. तिच्या 'नाही'तला 'हो' ओळखेल. आणि जे अडकलंय ते बाहेर काढेल.

मुलगी दूर बेलव्ह्यू शहरात सॉफ्टवेअरमध्ये आहे. फोनवर तिला हे सगळं सांगितलं.

"बाबा, पॉसिबल आहे सगळं. पाचेक वर्षांत येईलच असं काहीतरी."

"तुझ्या आईला ते आज दुपारी हवंय," मी म्हणालो.

पण पोरगी चिवट. आईनं तिला वर्षानुवर्षं पाठवलेले व्हॉइस मेसेज तिनं गोळा केले, त्यातून कुठल्याशा प्रोग्रॅमनं आईचा आवाज तयार केला आणि फोनएवढं एक यंत्र घेऊन ती सुट्टीत आली. सोफ्यावर आईशेजारी बसून तिनं ते चालू केलं. आवाज म्हणाला, "अगं, जेवलीस का?"

अगदी तीच. 'जेवलीस'वरचा तो हेलसुद्धा. बायको यंत्राकडे बघत राहिली. मुलगी म्हणाली, "आई, तू फक्त स्टार्ट कर. हे गेस करेल आणि पूर्ण करेल. तुला शिकत जाईल ते." बायकोनं तिच्या गालावरून हात फिरवला. तिला काय वाटलं ते मला काही कळलं नाही.

मुलगी परत गेल्यानंतरच्या रविवारची गोष्ट. जेवणं झाली होती. बायको खिडकीशी खुर्चीत होती. एकदम म्हणाली, "अहो. ते... ते..."

मी यंत्र तिच्या हातात दिलं. तिच्याच आवाजात ते म्हणालं, "मला बाहेर जायचं आहे."

"नाही!"

हा 'नाही' कुठला? मी कोट आणला, तिला चढवला, दारापर्यंत नेलं. तिनं दाराची चौकट धरून ठेवली. पुन्हा खुर्चीत आणून बसवली.

"ते... ते..."

"मला थंडी वाजते आहे," यंत्र म्हणालं.

मी शाल आणली. तिनं ती खाली टाकली.

"मला टीव्ही बघायचा आहे." "मला मुलीशी बोलायचं आहे." "माझं डोकं दुखतं आहे." तिचा स्वतःचा शांत, निरोगी आवाज एकामागून एक वाक्यं पुढे करत होता आणि ती त्याच्यावर ओरडत होती, "नाही! नाही!" तिला बंद करायचं बटण सापडेना. शेवटी तिनं यंत्र खुर्चीच्या उशीखाली कोंबलं. तिथूनही ते विचारत होतं. मी ते काढून बंद केलं.

मग मी तिच्यासमोर स्टुलावर बसलो. "दुखतंय कुठे? भारतातलं काही आठवलं? माझ्यावर रागावलीस? घाबरलीस?" प्रत्येक प्रश्नाला ती डोळे मिटून घ्यायची, मान हलवायची, पुन्हा तोंड उघडायची. कपाळावर घाम आला होता. साधी गोष्ट नव्हती ती, एवढं मला दिसत होतं. समोरच्या घराचे दिवे लागले तरी आम्ही तसेच बसलेलो. माझे प्रश्न संपले. मला रडू आलं. तिनं स्वेटरच्या बाहीनं माझं तोंड पुसलं आणि डावा हात हवेत हलवला. जाऊ दे, असा.

रात्रीच्या फोनवर मुलीला सांगितलं. "बाबा, ते काय काय बोललं त्याचा लॉग मला पाठवा," ती म्हणाली. "कुठे चुकतंय बघते."

"त्यात तिचं काहीच नाहीये गं. सगळं यंत्राचंच बोलणं आहे."

चहा, शाल, बाथरूम यासाठी आता माझ्या आवाजातला टॅब्लेट चालतो. तिच्या आवाजाचं यंत्र ती हातात घेत नाही. त्या दुपारबद्दल मी तिला नंतर विचारून पाहिलं. प्रश्न कळतो. ती सुरुवात करते, ओठ हलतात, आणि मग ती माझ्याच चेहऱ्याकडे असं बघते की मीच विषय बदलतो.

परवा मुलीचा फोन आला. नवं काहीतरी आलंय म्हणे, चेहरा वाचतं, आधीच्यापेक्षा पुष्कळ बरं आहे. "पुढच्या महिन्यात येताना आणू का, बाबा?"

बायको खुर्चीत डुलकी घेत होती, तोंड जरासं उघडं. मी खोलीबाहेर आलो.

"आण," मी म्हणालो. नको म्हणायला माझ्याजवळ दुसरं होतं काय?