मेलेला माणूस चहा पितो

डांबराच्या गोळ्यांचा वास आला की दारव्ह्याच्या वाचनालयातलं ते पुस्तक आठवते अन् अजूनही डोकं तापते. आम्ही धम्म घेतला त्याला चार-सहा वर्षं झाली होती. पोथ्या सुटल्या, पण पोथीची सवय सुटली नव्हती. रविवारी दुपारी विहारात सारे जमत, मी पुस्तक वाचत असे अन् दर पानाला अर्थ सांगत असे. चौथी पास मी एकटाच होतो. त्या दिवशी चंद्रावर जाणाऱ्या माणसाची कादंबरी काढली. तिसऱ्या पानावर तो मेला, बाया हळहळल्या. सातव्या पानावर तोच घरी बसून चहा पीत होता! "काहून रे बाबू, हा तं मेलता ना?" पुढं बसलेल्या एका मावशीनं विचारलं. मी मागं चाळलं, पुन्हा वाचलं, काही उमगेना. "पानं गाळून राह्यला का बे? का तुले वाचताच येत नाही?" एक म्हातारा बोलला अन् सारं विहार हसलं. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक वाचनालयवाल्याच्या टेबलावर आपटलं. "हा मेला का जित्ता आहे, सांगा." तो चष्म्यावरून पाहत म्हणाला, "हे काळाच्या प्रवासाचं आहे. तुमच्या लोकांना नाही कळायचं." मी म्हटलं, "तुमाले कळलं ना? मंग रविवारी या अन् आमच्या लोकाईले अर्थ सांगा." "मी तरी कुठं वाचलंय," म्हणत त्यानं ते डांबराच्या गोळ्यांच्या कपाटात सारलं. रविवारी मी विहारात उभं राहून सांगितलं, "वाचता मले येते. लिहिणाऱ्याले सांगता येत नाही." आता शिकलेली नातवंडं म्हणतात, आबा, चूक तुमचीच होती. असेल, तर कोणीही विहारात यावं अन् अर्थ सांगावा, मी वाचायची जागा सोडतो. अजून कोणी आलं नाही.