'कर्ता अज्ञात' असं मी लिहिलं

ही गोष्ट मी बायकोलासुद्धा सांगितलेली नाही. गेल्या वर्षी टीव्हीवरच्या ज्या एका ओळीवरून जळगाव-धुळ्यात एवढा गदारोळ झाला, ती ओळ मालिकावाल्यांना मी दिली होती. आणि त्याच ओळीच्या निषेधाचं पत्रही मीच लिहिलं.

मालिका आपल्याकडच्या एका गाडीवान कवीवर होती. शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी कापसाच्या गाड्या हाकणारा आणि वाटेत गाणी रचणारा माणूस. त्याचं लिहिलेलं काही उरलेलं नाही, लोकांच्या तोंडी चार-दोन गाणी, बस. मालिका करणारी पोरं तरुण. त्यांनी जुन्या काळात मुद्दाम नवा काळ मिसळला होता. कवीच्या डोळ्यांवर काळा गॉगल, जत्रेत डीजे, बैलगाडीला रबरी टायर. बोलणं सगळं मुंबईचं आणि वाक्याच्या शेवटी आपला खान्देशी 'शे', म्हणजे 'आहे', चिकटवलेला. "तू कुठे जात आहेस शे?" असं कवीची बायको त्याला विचारायची.

मी जळगावात कॉलेजात मराठी शिकवतो. मूळ शिंदखेड्याकडचा. आमचा साहित्यप्रेमींचा एक व्हॉट्सअॅप ग्रुप आहे, निम्मे जळगावचे, निम्मे धुळ्याचे, बहुतेक सगळे मास्तर. पहिल्या भागापासून ग्रुप पेटला. "बैलांना गॉगल घातला नाही, नशीब समजा." "पुढच्या भागात बैल चार्जिंगला लावणार." एक निवृत्त मुख्याध्यापक रोज सकाळी आदल्या दिवशीच्या चुकांची यादी टाकायचे आणि आम्ही लाइकचे अंगठे टाकायचो. मजा येत होती, खोटं कशाला बोलू.

आठव्या भागात कवी जत्रेत कानबाईचं गाणं म्हणतो. देवी घरी येते त्याचं गाणं. 'माय उनी एस्टीमा बशीसन, येवाआधी फोन कया.' माय एसटीत बसून आली, येण्याआधी तिने फोन केला.

इथे मजा संपली. देवीची थट्टा केली, खान्देशची लाज काढली, हे लिहिणारा कोण गाढव आहे, त्याला धुळ्याच्या पुलावर उभा करा, असं सगळं सुरू झालं. वाहिनीला पत्र पाठवायचं ठरलं. "सर, तुमची भाषा चांगली, तुम्हीच लिहा," मुख्याध्यापक म्हणाले. मी लिहिलं. अकरा आक्षेप. त्यातला चौथा असा: 'कानबाईच्या पवित्र गीतात फोन घुसडून लोकपरंपरेची विटंबना केली आहे.' व्यवस्थित टाइप केलं.

ती ओळ माझ्या मोठ्या बहिणीची आहे. अक्काची.

मालिकावाले आधीच्या वर्षी माझ्याकडे आले होते, इकडची गाणी हवीत म्हणून. मी अट घातली, माझं नाव कुठेही नको. श्रावणात अक्काकडे कानबाई बसते. त्याच्या आधी भाऊबंदांच्या बायका अंगणात जमतात आणि देवीच्या नैवेद्याच्या रोटाचे गहू निवडतात. निवडता निवडता गाणी चालतात. मी मोबाइल गव्हाच्या सुपाशेजारी ठेवला आणि रेकॉर्ड केलं. अक्काला वाटलं, भाऊ घरी ऐकायला नेतोय.

आमच्या आईच्या गाण्यात कानबाई बैलांच्या दमणीत बसून यायची. गावात एसटी सुरू झाली तेव्हा आईनेच तिला एसटीत बसवलं. अक्काच्या घरात पहिला मोबाइल आला त्या श्रावणात अक्काने फोन घातला. रेकॉर्डिंगच्या दिवशी मी हसून विचारलंही, "अक्का, देवी फोन करते?"

"पाहुनी शे ना भाऊ," सुपातला खडा फेकत ती म्हणाली, "फोन करीसनच येयी!" बायका खळखळून हसल्या.

घरी येऊन मी ते रेकॉर्डिंग पाठवलं. सोबत लिहिलं: पारंपरिक गीत, कर्ता अज्ञात. गाणं रचणारी बाई तिकडे अंगणात बसली होती, तिने मला ताक प्यायला दिलं होतं, आणि मी लिहिलं, अज्ञात. निरक्षर बाईचं नाव कवीच्या जागी लिहायचं मला सुचलंच नाही. सुचलं असतं तरी लिहिलं नसतं. त्या पोरांना ओळ इतकी आवडली की त्यांनी ती सरळ गाडीवानाच्या तोंडी घातली.

तो आठवा भाग संपायच्या आत अक्काचा फोन आला.

"भाऊ, टीव्ही लायेल शे का? आरे त्या गाडीवाननी मन्हं गानं म्हनं! बठ्ठं! मन्हंच शे ना ते?"

मागे तिच्या शेजारणींचा गलका ऐकू येत होता. तिने सगळ्यांना सांगून टाकलं होतं.

मी म्हणालो, "नाही गं अक्का. ते मुंबईच्या लोकांनी लिहिलंय."

"आसं? मंग पुढलं काय शे ते माले कसं ठाऊक?"

"कुठेतरी ऐकलं असशील."

ती म्हणाली, "व्हई. आयकं व्हई."

मालिकेशी माझा संबंध आहे हे ग्रुपवर कळलं असतं तर मला तोंड दाखवायला जागा उरली नसती. माझं एवढंच होतं. अक्काचं काय होईल याचा विचार मी केला नाही. तिचा धाकटा दीर मात्र महिनाभर दारातून जाताना विचारायचा, "वहिनी, आते पिच्चरनं गानं कधी?" कॉलेजातला भाऊच नाही म्हणतोय म्हटल्यावर तिचं कोण ऐकणार?

त्या श्रावणात मी कानबाईला गेलो. अक्काने गहू निवडले, रोट केला, सोमवारी विसर्जनाला देवी डोक्यावर घेऊन नदीपर्यंत चालली. गायली नाही. पुतणीने आग्रह केला तर म्हणाली, "माले येत नही."

आता बोलतो. ग्रुपमधून काढाल, काढा. टायरचं तुमचं खरं होतं, 'शे'चंही खरं होतं, गॉगलबद्दल वाद घाला. पण त्या सगळ्या मालिकेत खान्देशची एकच गोष्ट शंभर टक्के खरी होती आणि तीच आपण ठेचली. देवी गावात येते ती त्या वर्षी गावात जे वाहन असेल त्यात बसून येते. बायका हे करत आल्या आहेत, आपल्याला न विचारता. पत्रावर सह्या करणाऱ्या किती जणांनी गहू निवडणाऱ्या बायकांजवळ बसून एक गाणं पुरतं ऐकलंय? आपण ओट्यावर बसून राजकारण बोलतो आणि रोट वाढला की आत जातो. परंपरेची विटंबना म्हणे. परंपरा सूप घेऊन बसली होती आणि मी तिला अज्ञात म्हटलं. चौथा आक्षेप मी मागे घेतो. तुमच्यातल्या कोणाला राग आला तर माझा पत्ता तुमच्याकडे आहे.

हे छापून येईल. अक्काला वाचता येत नाही, आणि तिला कोणी वाचून दाखवावं अशी माझी इच्छा नाही. ते माझं काम आहे. श्रावण तीन आठवड्यांवर आला आहे. अक्काच्या अंगणात, तिच्या दिरासमोर, गहू निवडणाऱ्या सगळ्या बायकांसमोर मी म्हणायला हवं की ते गाणं तिचं आहे, मी ते तिला न विचारता दिलं, आणि तिने विचारलं तेव्हा मी खोटं बोललो. हे मी अजून म्हटलेलं नाही.