पाटीत खेकडी होती

जावळीतल्या आमच्या गावात बाईच्या अंगावर हात टाकल्याचं प्रकरण झालं की ते साडीचोळीनं मिटवायची रीत होती. देवळापुढं गावकी बसायची, ज्याची चूक त्यानं नारळ आणि साडीचोळी द्यायची, बाईनं पदर पुढं करायचा, की झालं. पुढं गाव तंटामुक्त करायची मोहीम आली, मी फौजेतून निवृत्त होऊन आलेला, म्हणून समितीचा अध्यक्ष मला केलं. आमच्या गावातून एकही तक्रार पोलीस ठाण्यात गेली नाही, याचा मला फार अभिमान होता.

आता मी सांगलीत थोरल्या मुलाकडे असतो. मार्केट यार्डाच्या बाजूला फ्लॅट आहे, वारा फिरला की घरात हळदीचा वास येतो. गावाकडे जाणं वर्षाकाठी एखाद्या वेळेस. तिथल्या गोष्टी तिथंच राहिल्या असं मी धरून चाललो होतो.

मागच्या हिवाळ्यात एक पोरगी दारात उभी राहिली. गावाच्या वरच्या अंगाला कातकऱ्यांची वाडी आहे, तिथली. ही लहान असताना मी तिला पाहिलेलं. आता ती आणि वाड्यावाड्यांवरच्या बाया मिळून एक काम करत होत्या. कातकरी बायांना मारलं, ओरबाडलं आणि वर साडी देऊन गप्प केलं, अशा साड्या त्या गोळा करत फिरत होत्या. बाजाराच्या दिवशी मेढ्यात रस्त्याकडेला दोरी बांधून त्या टांगायच्या आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचं, ही साडी कशापायी मिळाली.

"तुझ्या आईची साडी आहे का अजून?" मी विचारलं. विचारायला नको होतं.

"न्हाई. आईनं ती कवाच अंगाला लावली न्हाई. न्हाणीला आडोसा केलावता, तितंच सडली." मग ती म्हणाली, "साडी सडली आबा, पर तुमचं बोलणं हाय तसंच हाय. आजून आईला कणसं चोरणारी म्हंत्यात. तुमी येऊन खरं काय ते सांगा. आई जित्ती हाय तवर."

बायको आतून ऐकत होती. पोरगी गेल्यावर म्हणाली, "तिथं जाऊन काय दिवे लावणार आहात? पुतण्याच्या पोरीचं लग्न ठरतंय."

खरं काय ते मला माहीत होतं. पुतण्यानं त्या पोरीच्या आईला ओढ्याच्या अंगानं गाठलं. ती ओरडली, तेव्हा त्यानं काठीनं हात मोडला. मी पोचलो तेव्हा ती काठावर बसली होती आणि पाटी शेजारी कलंडली होती. पाटीतून खेकडी निघून दगडाखाली शिरत होती. मी ती डोळ्यांनी बघितली. एकही कणीस नव्हतं. संध्याकाळी गावकीत पुतण्या म्हणाला, मक्यात चोरी करताना धरली. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी म्हणालो, "कणसं होती पाटीत. पण यानंही हात उचलायला नको होता. टाळी एका हातानं वाजत नाही." साडी मीच माझ्या हातानं दिली. न्याय केला असंच मला वाटलं. घरी येऊन पोटभर जेवलो.

त्या दिवसापासून तिला गावात कुणी खुरपणीला बोलवेना. चोराला कोण शिवारात घेईल?

बायको बोलायची थांबली नाही, तरी मी मेढ्याला गेलो. स्टँडपासून जरा पुढं दोरी बांधली होती. साड्या विटलेल्या होत्या. एकीची गोधडी झालेली, एकीचा पाळणा. प्रत्येक साडीखाली एक बाई उभी. बटाटे निवडता निवडता लोक मान वर करत, ऐकत आणि पुढं जात. एक जण गाडीवरून ओरडला, "कितीला दिली गं?" त्यावर एक म्हातारी फाटकन म्हणाली, "तुज्या बापाला इचार, त्यानंच आनलीवती!" आजूबाजूचे हसले, गाडीवाला नाही.

दोरीच्या शेवटी थोडी जागा मोकळी ठेवली होती. तिथं ती बाई बसली होती. हात कोपरातून वाकडाच जुळलेला. पोरीनं माईक माझ्या हातात दिला. आयुष्यात कवायतीचे हुकूम सोडले, गावकीत बोललो, पण माईक उलटाच धरला, पोरीनं सरळ केला. शेवटी सांगितलं, जसं इथं लिहिलं तसंच. पाटीत खेकडी होती, मी कणसं म्हणालो, मारणारा माझा पुतण्या. मध्येच माईक खरखरला. निम्म्या लोकांना ऐकूच गेलं नसेल. दोन बाया रडल्या. मला हलकं वाटेल असं मी बसमध्ये घोकत आलो होतो. तसं काही झालं नाही, पाय तेवढे दुखत होते.

तिच्याजवळ गेलो. तिनं बसल्या बसल्या विचारलं, "आपल्या गावचं कोन हाय हितं?"

मी बघितलं. कुणीच नव्हतं.

"मग कुनाला सांगितलं तुमी?"

मी गावाकडच्या गाडीत बसलो. संध्याकाळी देवळापुढं नेहमीची माणसं होती, पुतण्याही होता. मी उभ्यानंच सगळं सांगितलं. माझ्याबरोबर शाळेत असलेला एक जण कुजबुजला, "बस की गड्या खाली." पुतण्या मात्र हसला. "आबांचं वय झालं. सांगलीत बसून बसून कायबाय डोक्यात येतंय." मग सगळेच हसले, मोकळे झाल्यासारखे. एकानं मला दंडाला धरून हळूच पायरीवर बसवलं, वेड्या माणसाला बसवावं तसं.

सकाळी कातकरी वाडीवर गेलो. ती दारात मासे साफ करत होती. म्हणालो, "सांगितलं. तो समोर होता."

"काय म्हनला?"

"हसला. सगळेच हसले."

तिनं मान हलवली. त्यात आश्चर्य नव्हतं, रागही दिसला नाही. माशाचं पोट फाडून तिनं घाण कोंबड्यांपुढं टाकली. "मला बी आसंच हसलं हुतं. मी म्हनत हुते, खेकडी हाय, खेकडी हाय." पुढचा मासा घेत म्हणाली, "आज परत सांगा."

"परत?"

"व्हय. येकदा सांगून कोन खरं धरतंय?"

दिवस कलल्यावर मुलाचा फोन आला. सांगलीची गाडी कितीला आहे, घ्यायला येतो म्हणाला. मी सांगितलं, एवढ्यात येत नाही. किती दिवस, त्यानं विचारलं. संध्याकाळ व्हायला आली होती, देवळापुढं माणसं जमायला लागली होती, आणि मला जायचं होतं.