फळ्याकडे पाठ
नातीच्या पाटीवरून ओल्या खडूचा वास आला आणि मी ऐंशीच्या दशकातल्या अंधेरीच्या शाळेत, नववीच्या वर्गात पोचले.

तपासणीला आलेल्या साहेबांनी सुलभाला उभं केलं आणि फळ्यावर लिहीत लिहीतच प्रश्न विचारला. सुलभाला ऐकू येत नसे, ती ओठ वाचायची. तिला साहेबांची फक्त पाठ दिसत होती. मी मागे वळून नुसत्या ओठांनी तिला प्रश्न सांगितला, तेवढ्यात साहेबांनी पाहिलं.

"कॉपी चालते इथे?"

बाई म्हणाल्या, "साहेब, या वर्गात फळ्याकडे तोंड करून कुणी बोलत नाही."

साहेबांनी खडू ठेवला, तिच्याकडे बघून पुन्हा विचारलं. सुलभाचं उत्तर चुकलं. चुकल्यावर आम्हाला ओरडायच्या तितक्याच बाई तिलाही ओरडल्या.

सुलभा हसत खाली बसली. का, ते मला तेव्हा कळलं नव्हतं.