कापसाची पांढरी रांग

मालिकेच्या शेवटी माझं नाव इतक्या वेगानं सरकतं की ते फक्त माझ्या बायकोला वाचता येतं. हुद्दा : प्रॉडक्शन मॅनेजर. दिग्दर्शकानं 'पाहिजे' म्हणायचं, मी 'होऊन जाईल' म्हणायचं.

गेल्या साली साहेबांना कापसाचं पांढरंशुभ्र शेत पाहिजे होतं. मी मूळचा शहाद्याचा, त्यामुळे तालुक्यातला सगळा कापूस जणू माझ्याच घरचा. प्रकाशा गावाच्या अलीकडे एका काकीचं शेत ठरवलं. बोंडं फुटली होती, दुसऱ्या वेचणीच्या बायाही सांगून झाल्या होत्या. मी म्हटलं, "काकी, आठ दिन येचू नका."

"तू शहादाना शे ना? मंग काय चिंता!" म्हणत तिनं बायांना थांबवलं.

मग नायिकेला पडसं झालं, तारीख पुढे गेली. हे राष्ट्रीय संकट मी कॅमेरावाल्यांना, मेकअपवाल्यांना, जेवणवाल्यांना कळवलं. बैलगाडीवाल्यालाही कळवलं, बैलांनाही समजलं असावं. काकीला कळवायचं राहिलं. शेत काय, कुठे पळून जातंय?

तीन आठवड्यांनी शहाद्यात पोचलो तेव्हा समजलं, मधे दोन दिवस अवकाळी बरसला होता. भिजलेला कापूस काळपट पडतो, हे मला कोणी शिकवायला नको. मी काकीला फोन करून 'उद्या येतोय' एवढंच म्हणालो. पुढचं विचारायची हिंमत झाली नाही.

सकाळी युनिटच्या आधी गेलो, तर रस्त्याकडची रांग पांढरीफेक! जवळ जाऊन पाहिलं. काकी आणि तिची सून वाकून भिजका कापूस काढत होत्या आणि पहिल्या वेचणीचा, घरात ठेवलेला कापूस गाठोड्यातून घेऊन एकेका बोंडात बसवत होत्या.

शॉट दहा मिनिटांत झाला. "याला म्हणतात प्रॉडक्शन!" साहेब म्हणाले. माझ्यासाठी टाळ्या पडल्या आणि मी त्या निर्लज्जपणे घेतल्या.

गाड्या निघाल्यावर मी काकीला विचारलं, "आभाळ दिसत होतं ना, तरी वेचला का नाही?"

"तुले शब्द दिन्हा व्हता ना."

तिच्यामागे सगळं शेत काळपट लोंबत होतं. मला मान वर करवेना. काकीनं पदराला हात पुसले आणि विचारलं,

"भाऊ, आते येचू का?"